येझदीचे ऑइल जाते कुठे?

आमच्या घरातील येझदी मोटारसायकल १९८२ सालची आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, साखर कारखान्यात नोकरीला असताना ती नवी घेतली आणि २००९ पर्यंत जवळजवळ रोज चालवली. पुढे गुडघ्यांमुळे त्यांना किक मारणे जमेना, तेव्हा ती परड्यातील पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि तिथेच राहिली. मागील वर्षी फेब्रुवारीत मी ती बाहेर काढली. कोल्हापूरसारख्या गावात गॅरेजांना तोटा नाही, परंतु येझदीवर हात बसलेले मिस्त्री आता शोधावे लागतात. पूर्वी एकदा एका गॅरेजमध्ये ती दीड महिना ठेवली होती. तिथून ती न उघडताच परत आली आणि दरम्यान हत्यारपेटीचे झाकण हरवले. त्यामुळे या वेळी काम घरीच करायचे, असे मी ठरवले. दोन महिने पुरतील, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात सहा महिने लागले आणि त्यातील पहिले चार चुकीच्या जागी शोधण्यात गेले. गंजलेले नट आणि न मिळणारे सुटे भाग यांचा त्रास झालाच. पण गाडी नेमकी कशाने बिघडली आहे हे न कळणे, हा सर्वांत मोठा मनस्ताप होता.

सुरुवातीची कामे लवकर उरकली. टाकीतील गंज काढला. पेट्रोलची नळी बोटाने दाबताच चिकट लागली. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून नळी आणि कॉकमधील पॅकिंग बदलले. गाडी सहा व्होल्टची असल्याने बॅटरी दुकानात तयार मिळाली नाही, आठवडाभर थांबावे लागले. वायरिंगने मात्र तीन संध्याकाळी घेतल्या. मूळच्या रंगीत वायरी जाऊन त्यांच्या जागी कोणीतरी सगळ्या काळ्या वायरी ओढल्या होत्या आणि फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळलेला होता. जुनी गाडी दुरुस्त करताना तिच्या मूळ रचनेइतकाच आधीच्या दुरुस्त्यांचाही अभ्यास करावा लागतो, हे तेव्हाच ध्यानात आले. गिअर बॉक्समधील जुने ऑइल काढून टाकले, स्वयंपाकघरातील मापाने मोजून नवे एक लिटर ऑइल भरले आणि तारखेसह वहीत नोंद केली. ती नोंद पुढे किती उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंजिन सुरू झाले. येझदीत गिअरचा आणि किकचा दांडा एकच असतो. तो आत दाबून मागे फिरवला की त्याचीच किक होते. आबा सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. सातव्या किकला इंजिन लागले आणि दोन्ही सायलेन्सरमधून इतका धूर निघाला की शेजारच्या वहिनी वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या.

"धूर जास्त आहे रे," आबा म्हणाले. "पेट्रोलात ऑइल किती घातलंस?"

"लिटरला चाळीस मिली, आबा."

"मग एवढा पांढरा धूर यायला नको."

पंधरा वर्षे सायलेन्सरमध्ये साचलेले ऑइल जळत असेल, असे मी उत्तर दिले. ते खोटे नव्हते. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते, त्यामुळे तिच्या सायलेन्सरमध्ये न जळलेले ऑइल आणि काजळी साचतेच आणि गाडी बऱ्याच दिवसांनी तापली की तिचा धूर होतो. हे कारण इतके पटण्याजोगे होते की त्याच्या पलीकडे पाहण्याची गरज मला वाटली नाही, आणि आबांनी पहिल्याच दिवशी बोट ठेवलेली गोष्ट मी चार महिने बाजूला सारली.

गाडी थंड असताना बरी चालायची. रंकाळ्याला वळसा घालून ती गगनबावड्याच्या रस्त्याला लागायची, फुलेवाडीपर्यंत काही तक्रार नसायची आणि बालिंग्याचा पूल जवळ आला की मिसिंग करू लागायची, म्हणजे इंजिन मध्येच अडखळायचे. पुलाच्या अलीकडे बंद पडली की पंधरा-वीस मिनिटे ती काही केल्या सुरू होत नसे. प्लग काढावा तर तो काळा आणि ओला. पुसून, दुसरा लावून पुन्हा किक मारावी, तरी उपयोग शून्य. उन्हाळ्याच्या दिवसांत एवढे वजनदार धूड ढकलत परत आणण्याचा प्रसंग माझ्यावर चार वेळा आला.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत पहिला संशय कंडेन्सरवर जातो आणि तो योग्यच आहे. पॉइंट म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क. ते उघडताना त्यांच्यामध्ये ठिणगी उडू नये, म्हणजे कॉइलमधील प्रवाह एकदम तुटून प्लगला जोरदार करंट मिळावा, हे कंडेन्सरचे काम असते. तो कमजोर झाला की तापल्यावर पॉइंट जळू लागतात आणि प्लगची ठिणगी पिवळी आणि अशक्त होते. माझे पॉइंट जळकट दिसत होते. मी नवा कंडेन्सर आणला आणि त्याच दिवशी हात काळे झालेच आहेत म्हणून कार्बोरेटरही उघडला, जेट फुंकले, फ्लोटची पातळी बदलली. संध्याकाळी गाडी बालिंग्याच्या पुढे गेली. दुसऱ्या दिवशी मात्र ती घराच्या कोपऱ्यावरच थांबली.

दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्यामुळे आदल्या दिवशीचा सुधार कशाने झाला हे कळायला मार्ग नव्हता आणि आता बिघाड कशात आहे हेही सांगता येत नव्हते. मी कार्बोरेटर तीन वेळा पुन्हा उघडला. अखेर जुना कंडेन्सर परत लावून पाहिला, तेव्हा गाडी पूर्वीइतकी तरी चालली. नवा कंडेन्सरच सदोष निघाला होता. नवा भाग म्हणजे चांगला भाग, हे गृहीतक माझ्या मनात इतके घट्ट होते की त्याने माझे तीन आठवडे खाल्ले.

सुट्या भागांची ही अडचण येझदीवाल्यांना नवी नाही. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा गाड्या तयार होऊ लागल्या, १९७३ मध्ये येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तेव्हापासून बाजारात एक तर कुणाच्या तरी माळ्यावर राहिलेला जुना साठा मिळतो, नाहीतर वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांत नमुन्यावरून बनवलेले भाग मिळतात. नमुन्यावरून बनवलेल्या भागांतले काही उत्तम असतात आणि काही पहिल्याच दिवशी दगा देतात. पाकिटे सारखीच दिसतात आणि भाव जवळजवळ तेवढाच असतो. त्यामुळे दुकानदाराला दोष देता येत नाही आणि भाग बदलूनही मिळत नाही. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने मला हे अन्यायाचे वाटते, कारण त्याच्याकडे तुलनेसाठी दुसरी गाडी उभी नसते. तिसऱ्या प्रयत्नात जुन्या साठ्यातील एक कंडेन्सर मिळाला आणि तो आजही चालू आहे. त्याने ठिणगी निळी झाली. धूर तसाच राहिला आणि प्लग ओला होण्याचेही थांबले नाही.

मग सायलेन्सर साफ करायचे ठरले. येझदीचे सायलेन्सर-पाइप सिलिंडरला मोठ्या गोल नटांनी बसवलेले असतात आणि ते सोडवायला आकड्याचा पाना लागतो. आमच्या नटांच्या कडांवर छिन्नीच्या खुणांची रांग होती. पाना नसलेल्या कुणीतरी त्यांना वर्षानुवर्षे छिन्नी-हातोडीने फिरवले होते. डावा नट सुटला. उजव्यावर मी चार दिवस रोज गंज सोडवणारे तेल सोडले, इंजिन गरम करून पाहिले, पान्याला नळी लावून लांबी वाढवली. चौथ्या दिवशी तो सुटला, पण त्याच्याबरोबर सिलिंडरच्या आट्यांचे पहिले दोन फेरे चुरा होऊन खाली पडले. तो चुरा मी बराच वेळ तळहातावर घेऊन पाहत होतो. आपण दुरुस्त करायला बसलो आहोत आणि आपल्याच हातून गाडीचे कायमचे नुकसान झाले आहे, ही जाणीव फार बोचते. त्या रात्री मी शेडचे दार लावून घेतले आणि पुढचे दहा दिवस तिकडे फिरकलो नाही.

सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या जाळून, खरवडून स्वच्छ केल्या. धूर तरीही थांबला नाही.

जूनच्या मध्यावर गिअर पडायला जड होऊ लागले, म्हणून ऑइल बदलावे असे वाटले. इंजिन गरम करून खालचा बोल्ट काढला आणि ऑइल पूर्ण निथळू दिले. काढलेले ऑइल मोजण्याचे खरे तर काही कारण नव्हते, परंतु माप जवळच होते. ते ६२० मिली भरले. मी वही उघडली. मार्चमध्ये एक लिटर घातल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. गाडीखाली पहिल्या दिवसापासून खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला होता आणि त्यावर दोन-चार थेंबांपलीकडे डाग नव्हता. बाहेर न सांडता पावणेचारशे मिली ऑइल गेले होते, म्हणजे त्याला जायला एकच वाट उरत होती.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते आणि तिच्या जोरावर कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. म्हणून ही क्रँककेस हवाबंद असावी लागते, आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा, जिथून बाहेर पडतो तिथे दोन्ही बाजूंना ऑइल सील, म्हणजे दांड्याला घट्ट बसणारी रबरी कडी असतात. उजवीकडे डायनॅमो असल्याने त्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते. डावीकडे क्लच आणि प्रायमरी चेन असतात, त्या गिअर बॉक्सच्याच ऑइलमध्ये फिरतात. डावे सील गेले की इंजिन प्रत्येक फेऱ्याला ते ऑइल आत ओढून जाळत राहते. पांढरा धूर त्याचाच होता आणि प्लगही त्यानेच ओला होत होता. गाडी तापली की ऑइल पातळ होऊन जास्त ओढले जायचे, आणि बालिंग्याच्या पुलाजवळच ती का थांबते याचा उलगडा झाला. मी आबांना जाऊन सांगितले. त्यांनी फक्त विचारले, "दोन्ही बाजूंची बदलणार ना?"

सील बदलायला इंजिन खाली उतरवावे लागले. एवढे उघडायचेच तर बेअरिंगही पाहावेत, म्हणून क्रँककेस पूर्ण उघडली. झाकणांचे चिरेचे स्क्रू इतके झिजले होते की हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणावा लागला. दोन स्क्रूंची डोकी तरीही ड्रिलने उडवावी लागली. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेच्या क्रमाने इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवला, कारण त्यांच्या लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचे केसिंग फुटते. शाफ्टवर घट्ट रुतलेले इंजिन स्प्रॉकेट पुलरशिवाय निघत नाही. पुलर ताणून त्याच्या बोल्टच्या डोक्यावर एक ठोका दिला, तेव्हा बंदुकीसारखा आवाज होऊन ते सुटले.

डावे सील हातात आले तेव्हा त्याचा रबर रबर राहिलेला नव्हता. नवीन सीलचा ओठ नखाने दाबला की वाकतो आणि परत येतो. हा बॅकेलाइटसारखा कडक झाला होता आणि दाबताच एका ठिकाणी तडकला. ओठाभोवतीची केसाएवढी बारीक स्प्रिंग खोबणीतून निसटून एका बाजूला लोंबत होती. उजव्या बाजूचे सीलही त्याच वाटेवर होते. दोन्ही सीलची किंमत मिळून २०० रुपयांच्या आत होती. चार महिन्यांत प्लग, कंडेन्सर, पॉइंट, जेट यांवर त्याच्या कितीतरी पट खर्च झाला होता.

सील मिळाले तरी काम संपले नव्हते. शाफ्टवर जुन्या ओठाने इतकी वर्षे घासून एक बारीक खोबण पाडली होती. तिच्यावरून नख फिरवले की अडत होते. नवे सील त्याच जागी बसवले असते तर तिथूनच पुन्हा ऑइल सुटले असते. कनेक्टिंग रॉडमध्येही वरखाली हालचाल जाणवत होती. शिवाय सिलिंडर बोअर करणे, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करणे, आवश्यक होते. ही कामे घरात होण्यासारखी नसल्याने क्रँक आणि सिलिंडर पिशवीत घालून मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका लेथवर बसणाऱ्या मामांनी शाफ्ट उजेडाकडे धरून पाहिला.

"खोबणीवर सील बसवू नका, दादा. दीड मिलिमीटर बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. मागं पातळ वायसर घाला."

कुठल्याही पुस्तकात मला हे सापडले नसते. रॉडचे बेअरिंग त्यांनी प्रेसवर बदलून क्रँक सरळ करून दिला. मूळचे ६५ मिलिमीटरचे बोअर अर्धा मिलिमीटर वाढवायचे ठरले. मात्र त्या मापाचा पिस्टन हाती पडल्याशिवाय त्यांनी मशीन लावले नाही, कारण बोअर पिस्टन मोजूनच करायचे असते. पिस्टनची वाट पाहण्यात तीन आठवडे गेले.

तोवर जुलै लागला होता आणि कोल्हापूरचा पाऊस धो धो कोसळत होता. बोअर केलेला सिलिंडर घरी आणला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. उद्या सकाळी पुसून ऑइल लावू, म्हणून तो शेडमधील फळीवर तसाच ठेवला. सकाळी आरशासारख्या त्या आतल्या भिंतीवर तांबूस कडे उमटले होते. बीडाच्या कोऱ्या पृष्ठभागाला एक दमट रात्र पुरते. मामांनी बोल लावला नाही. सिलिंडर पुन्हा हलका होन करून, म्हणजे आतून घासून, दिला, त्याला ऑइल चोपडले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

सर्वांत जास्त हताश मी झालो तो दिवस मात्र जोडणीचा होता. क्रँककेस बंद झाली होती, बेअरिंग बसले होते आणि नवे डावे सील शाफ्टवरून सरकवताना शाफ्टच्या टोकावरील आट्यांनी त्याच्या ओठावर एक बारीक चीर पाडली. ती इतकी लहान होती की बॅटरीच्या उजेडात तिरके धरले तरच दिसत होती. तसेच बसवावे, कोणाला कळणार आहे, असा विचार मनात येऊन गेला. पण ही गाडी चांदीचा कागद गुंडाळून सोडून दिलेल्या अवस्थेत मला मिळाली होती आणि तिच्यात तसलीच आणखी एक गोष्ट ठेवून ती बंद करणे मला शक्य नव्हते. सील काढून टाकले. दुसरे यायला सहा दिवस लागले. ते बसवताना आट्यांभोवती दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक घट्ट गुंडाळून त्यावर ग्रीस लावले आणि मग सील सरकवले, तेव्हा ते अलगद जागेवर गेले.

पुढची जोडणी शांतपणे झाली. पॉइंटची फट फीलर गेजने ०.४ मिलिमीटर ठेवली. टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगी नेमक्या वेळी पडावी म्हणून, प्लगच्या भोकातून पिस्टनची उंची मोजली आणि पॉइंटला सहा व्होल्टचा बल्ब जोडून पिस्टन वरच्या टोकाच्या सुमारे तीन मिलिमीटर अलीकडे असताना बल्ब लागेल असे सेटिंग केले. या वेळी एका दिवसात एकच गोष्ट जोडायची, ती तपासायची आणि वहीत लिहायची, हा नियम मी पाळला. सायलेन्सरचा उजवा नट उरलेल्या आट्यांवर धरतो आहे. त्याला तांब्याचे नवे पॅकिंग घातले आहे, तरी त्या बाजूला अजून किंचित फटफट ऐकू येते आणि ती माझ्या कानाला सलते.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन लागले. पहिली दोन-तीन मिनिटे जोडणीच्या वेळी लावलेले ऑइल जळण्याचा धूर आला आणि मग तो विरत गेला. आबा खुर्चीतून उठून सायलेन्सरमागे येऊन उभे राहिले, त्यांनी हाताचा पंजा धुराच्या झोतात धरला, मग तो नाकाशी नेऊन वास घेतला. "आता पेट्रोलचंच ऑइल आहे," असे म्हणून ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

नवीन बोअर असल्याने पहिले ५०० किलोमीटर गाडी हळू चालवली. बालिंग्याचा पूल ओलांडून मी तीन वेळा पुढे जाऊन आलो. ५०० किलोमीटर झाल्यावर गिअर बॉक्सचे ऑइल काढून त्याच मापाने मोजले. एक लिटरपैकी ९५० मिली परत आले; उरलेले आत चेनला आणि गिअरला चिकटून राहणारच. वहीत मार्चच्या नोंदीखाली तो आकडा लिहिला आहे.

डायनॅमोचे काम मात्र बाकी आहे. आयडलिंगला चार्जिंगचा दिवा मिणमिणत राहतो आणि रात्री गाडी थांबवली की हेडलाइट पिवळी पडते. ब्रश झिजले असावेत. येत्या रविवारी उजवे झाकण उघडणार आहे. त्याचे चिरेचे स्क्रू जाऊन तिथे ॲलन स्क्रू आले आहेत, आणि आट्यांना ग्रीस लावूनच ते बसवले आहेत.